मुंगीचे केस

४ तारीख, मंगळवार

पोचले एकदाची. कंबर विमानात राहिली, बाकीची मी इथे आहे.

विमान, मग बस, मग एका जीपच्या मागच्या बाकावर पिठाच्या पोत्यांना धरून बसले. भाची घ्यायला आली होती, ताईची मुलगी; इथल्या संस्थेत कामाला आहे. इथे आल्यापासून काळवंडली आहे, वाळलीही आहे, पण हसते अजून तशीच, ताईसारखी, नाक वर करून. वही तिनेच दिली. म्हणाली, "मावशी, इथे येणारे सगळे लिहितात. रोज चार ओळी लिही, मन मोकळं होतं." दहावीनंतर गिऱ्हाइकांच्या वेळा सोडून मी काही लिहिलेलं नाही. बघू या किती दिवस टिकतं.

संस्थेचा अनाथाश्रम म्हणजे तीन लांब खोल्या आणि मधे अंगण. पत्र्याचं छप्पर, भिंतींना निम्म्यापर्यंत हिरवा रंग. मला दिलेल्या खोलीत लोखंडी खाट आणि खिडकी. खिडकीतून हापसा दिसतो, कपडे धुवायचा दगड दिसतो आणि तारेवर लहान लहान चड्ड्या वाळत असतात. मी उतरले तशी सगळी पोरं ओळीने उभी राहून गाणं म्हणाली, हातवाऱ्यांसकट. गाणं संपलं आणि धावत येऊन बिलगली. एक पोरगी तर ओळख ना देख, माझ्या मांडीवरच येऊन बसली. मला रडूच आलं. भाची म्हणाली, "त्यांना सवय आहे, मावशी." किती प्रेमाची सवय असेल!

इथली नावं काही माझ्या जिभेला वळत नाहीत. भाचीने दोनदा सांगितली, दोन्हीदा मी भलतंच काहीतरी बोलले आणि पोरं खिदळली. मग मीच नावं ठेवली. गुबगुबीत गालांचा तो बटाटा. सारखी शिंकते ती फटाकडी. आणि मांडीवर बसलेली मुंगी, कारण मांडीवरून उतरली ती बादली ओढत निघाली, ती ठेवली तर झाडू उचलला. सात वर्षांची असेल. केस मात्र कंबरेच्या खाली, दाट, एकच जाड वेणी. आमच्या धंद्यात असे केस बघितले की हात शिवशिवतात.

५ तारीख, बुधवार

आश्रम चालवणाऱ्या बाईंशी आज नीट ओळख झाली. उंच, हडकुळ्या, कोपरावर रफू केलेला एकच स्वेटर घालून असतात. भाचीने माझी ओळख करून देताना काय सांगितलं कोण जाणे, बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. नंतर भाची म्हणते, "सांगितलं, माझी मावशी केसांची तज्ज्ञ आहे." तज्ज्ञ! ताईने ऐकायला हवं होतं.

खरं लिहायचं तर मी इथे त्यासाठीच आले आहे. ताईच्या घरात सगळे शिकलेले. कुठल्याही कार्यात ताई ओळख करून देते, "ही माझी धाकटी, हिचं ते पार्लर आहे." 'ते' असं म्हणते, जसं काही दुखणं आहे. त्यात दिवाणखान्याएवढ्या माझ्या पार्लरसमोर माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलीने दुकान थाटलं आणि निम्मी गिऱ्हाइकं नेली. दिवसभर रिकाम्या खुर्च्या पुसत बसायचा कंटाळा आला होता. भाची फोनवर म्हणाली, "ये ना पंधरा दिवस, पोरांचे केस काप, खेळ त्यांच्याशी." ह्यांनी डोक्याला हात लावला. पण मी आले.

पोरांच्या डोक्यात उवा आहेत. थोड्याथोडक्या नाहीत. मी भाचीला म्हटलं, "परवा दुकान लावते अंगणात."

७ तारीख, शुक्रवार

किती काम झालं आज! हापशापाशी खुर्ची ठेवली, चादर कापून ॲप्रन केले, पाण्याची फवारणी करायला बाटली. भाची तालुक्याच्या गावी गेली होती, त्यामुळे बोलायला कोणी नाही. मी आणि स्वयंपाकाची बाई, दोघींचं खाणाखुणांवर चाललं होतं. मुलगे पटापट झाले. बटाटा तर आरशात बघून स्वतःवरच खूष झाला. मुलींचे मानेपर्यंत कापले. औषध लावलं, फणी फिरवली.

मुंगी शेवटपर्यंत पुढेच येईना. तिच्या केसांत लिखा मुळापासून टोकापर्यंत. एवढे लांब केस फणीने साफ करायचे तर आठ-दहा दिवस रोज तास-दोन तास बसायला हवं, तेव्हा कुठे जातील. आणि एकीच्या राहिल्या की सगळ्यांच्या पुन्हा होणार. मी तिला उचलून खुर्चीत बसवलं तर तिने वेणी पुढे घेतली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली. तोंडाने एकच शब्द, पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, "अगं, दुखत नाही, बघ." स्वतःचे दोन केस कापून दाखवले. ऐकेना. शेवटी स्वयंपाकाच्या बाईने तिचे हात धरले. मान फिरवून धरले, हे आत्ता लिहिताना आठवलं. काम झाल्यावरही ती बाई आमच्याकडे बघत नव्हती.

वेणी कापताना कात्री दोनदा अडली, इतकी जाड. रडली बिचारी. पोरं रडतातच, पार्लरमध्येही पहिल्या कटिंगला किती रडतात. पण झाल्यावर काय गोड दिसत होती! मान अशी नाजूक, कान बाहेर. नववधूंचे काढते तसे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढले. नंतरच्या फोटोत मी तिला कुशीत घेतलं आहे. तिचे डोळे लाल आहेत, पण ते उन्हानेही होतात.

८ तारीख, शनिवार

भाचीने फोटो संस्थेच्या पानावर टाकला आणि मला वरचा मजकूरही लिहून दिला, "या मुलीला जगात कोणी नाही. आता तिला एक मावशी आहे." इथल्या भाषेतही लिहिला. मी तो पार्लरच्या पानावर आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत माझा फोन नुसता टुणटुणतोय. जुनी गिऱ्हाइकं, शेजारणी, आणि ताई! ताईने लिहिलं, "अभिमान वाटतो तुझा." आयुष्यात पहिल्यांदा. मी ते चार वेळा उघडून वाचलं.

ह्यांचा फोन आला. म्हणाले, "सगळे तुझं कौतुक करतायत, ते ठीक. चहाची गाळणी कुठे ठेवलीस?"

फोटो टाकण्याआधी भाचीला मी कापलेले केस दाखवले तेव्हा मात्र तिने वेणी हातात घेऊन तोलली. "सगळेच कापलेस?" म्हणाली. मी म्हटलं, "उवा होत्या." "हं," म्हणाली आणि फोटोत शिरली.

९ तारीख, रविवार

आज सकाळी मागच्या दाराने गावातल्या सात-आठ बायका आल्या. भाची म्हणाली, "मदतीला येतात रविवारी." मदत कसली, नुसत्या पोरांना घेऊन झाडाखाली बसल्या होत्या. कोणी भाकरीचा तुकडा भरवतंय, कोणी नाक पुसतंय. मला बरं वाटलं, गावाला एवढी माया आहे.

त्यातली एक मुंगीजवळ बसली. तिशीची असेल, पण हात म्हातारीचे, पाण्याने पांढरे पडलेले, सालपटं निघालेले. तिने पिशवीतून फणी काढली, तेलाची बाटली काढली, दगडावर मांडली. मग मुंगीच्या डोक्यावरचं फडकं काढलं. मुंगी खाली बघत होती. त्या बाईने फणी उचलून परत पिशवीत ठेवली. तेलाची बाटलीही ठेवली. मग पोरीच्या मानेवर नुसता हात ठेवून बसली.

मला वाटलं, आपण ओळख करून घ्यावी. भाचीला घेऊन गेले. म्हटलं, "सांग तिला, कटिंग मी केलं. उवा होत्या म्हणून. आता कशी स्वच्छ दिसते, आणि तिला हवं तर तिचेही कापून देईन, फुकट."

भाची काहीतरी बोलली. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागली. हळू आवाजात, पण बरंच काही. मधे एकदा मुंगीकडे बोट केलं, एकदा रस्त्याकडे, एकदा स्वतःच्या मांडीकडे. भाची मान हलवत राहिली.

"काय म्हणते?"

"धन्यवाद म्हणतेय."

"एवढं सगळं धन्यवादच?"

"हो, मावशी. इथे लांबण लावतात."

बाई जरा तुसडीच वाटली मला. जाताना माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

१२ तारीख, बुधवार

मुंगी माझ्याकडे येत नाही. मी अंगणात गेले की ती दुसऱ्या टोकाला झाडू घेऊन. डोक्याला सारखं फडकं. परवा बटाट्याने ते ओढलं तर त्याला अशी चावली की दातांचे वण उठले. मी तिच्यासाठी आणलेल्या लाल क्लिपा तिने घेतल्या आणि फटाकडीला देऊन टाकल्या, माझ्यादेखत.

वाईट वाटलं. एवढं करतो आपण, आणि एका पोरीला कळू नये.

केस कापताना ती म्हणत होती त्या शब्दाचा अर्थ भाचीला विचारायचा राहूनच जातोय.

१३ तारीख, गुरुवार

कुठून सुरू करू कळत नाही. जेवण झाल्यावर मी अंगणात टॉवेलच्या घड्या घालत होते. समोरच्या दाराने ती रविवारची बाई आली. कामावरूनच आली असावी, अंगावर निळा ॲप्रन, बाह्या ओल्या. तिच्या हातात कोणाचा तरी फोन होता, काच तडकलेला. ती सरळ माझ्यापाशी आली आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. माझा फोटो. मुंगीला कुशीत घेतलेला.

तिने फोटोखालच्या अक्षरांवर बोट ठेवलं. काहीतरी बोलली. मग फोन खाली केला आणि हाताचा पंजा स्वतःच्या छातीवर आपटला. पुन्हा फोटोतल्या मुंगीवर बोट, पुन्हा छातीवर हात.

याला दुभाषी लागत नाही.

भाची धावत आली. दोघींचं जोरात बोलणं झालं. म्हणजे ती बाई बोलत होती, भाची ऐकत होती. बाई आत गेली, मुंगीला पाच मिनिटं जवळ घेऊन बसली आणि ज्या ट्रकने आली त्याच ट्रकने परत गेली. कामावरून न सांगता आली होती म्हणे.

मी भाचीला खोलीत नेलं. दार लावलं.

"ही तिची आई आहे."

"हो."

"तू मला म्हणालीस मदतीला येतात."

"मावशी, बस जरा."

"मी बसणार नाही. बाकीच्या बायका कोण होत्या? बटाट्याला भरवत होती ती?"

"आजी त्याची."

"म्हणजे यांना सगळ्यांना…"

"सगळ्यांना नाही. दोघातिघांना खरंच कोणी नाही. बाकीच्यांचं कोणी ना कोणी आहे. पण ठेवायला जागा नाही, खायला घालता येत नाही, शाळा लांब आहे. मुंगीची आई हायवेवरच्या हॉटेलात चादरी धुते. तिथे सहा बायका एका खोलीत राहतात, पोरं चालत नाहीत. म्हणून इथे ठेवलीय."

"मग वसतिगृह म्हणा ना! अनाथाश्रम कशाला म्हणता?"

भाची माझ्याकडे बघत राहिली. ताईच बघते आहे असं वाटलं. "वसतिगृह म्हटलं असतं तर तू आली असतीस, मावशी? विमानाचा खर्च करून?"

मी म्हणणार होते, आले असते.

मग विचारलं, "रविवारी ती काय म्हणाली होती? खरं सांग."

भाची खिडकीकडे तोंड करून बोलली. "म्हणाली, मी दर रविवारी येते. सकाळभर तिचे केस विंचरते, तेल लावते, वेणी घालते. ती तेव्हा मांडीवर डोकं ठेवून आठवड्याचं सगळं सांगते. समोर बसवलं तर ती बोलत नाही. विंचरत असले तरच बोलते. आता मी काय करू, असं विचारत होती."

"आणि तू मला सांगितलंस, धन्यवाद."

"काय सांगायला हवं होतं?"

१४ तारीख, शुक्रवार

सकाळी भाचीला तो शब्द म्हणून दाखवला, मला आठवतो तसा. दोनदा म्हणावा लागला. तिसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं.

"रविवार," ती म्हणाली.

ती पोर मला थांब म्हणत होती. रविवारपर्यंत थांब. आई येईल, मग काय ते कर. आणि मी कात्री दाखवून म्हणत होते, दुखत नाही.

पार्लरमध्ये कोणाच्या पोरीच्या केसाला मी आईला विचारल्याशिवाय कात्री लावली आहे का? वीस वर्षांत एकदाही नाही. दोन बोटं जास्त कापले तर बायका भांडायला येतात. इथे मला विचारावंसंही वाटलं नाही, कारण मला सांगितलं होतं की विचारायला कोणी नाही. असं मी सकाळपासून स्वतःला समजावते आहे. पण मग दुसरं मन म्हणतं, पोरगी तर होती ना समोर? तिला विचारलंस का?

फोटो काढून टाकायला फोन उघडला. ताईने तो तिच्या मैत्रिणींना पाठवला आहे. त्यांच्यातल्या एकीने लिहिलं आहे, "तुमची बहीण देवमाणूस आहे." मी वाचत बसले. मग फोन बंद केला. काढला नाही.

दुपारी आश्रमाच्या बाईंनीच बोलावलं. भाची मधे बसून सांगत होती. रविवारी देणगी देणारे पाहुणे येणार आहेत, तोवर फोटो राहू द्या. बाई वर छपराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पाऊस आला की आम्ही मुलांना कोरड्या कोपऱ्यात उभं करून झोपवतो. उभं करून. मला खोटं बोलायला आवडतं असं वाटतं का तुम्हाला?" त्या चिडल्या नव्हत्या. थकलेल्या होत्या. मी मान हलवली. मान हलवणं किती सोपं असतं.

१६ तारीख, रविवार

आज जे केलं ते ह्यांनाही सांगता येणार नाही. म्हणून इथे लिहिते.

पाहुणे आले, नवराबायको आणि दोघं-तिघं. पोरांनी गाणं म्हटलं, तेच, हातवाऱ्यांसकट. मग तशीच धावत जाऊन बिलगली. मी बाजूला उभी राहून बघत होते, आणि मला माझा पहिला दिवस दिसत होता, माझ्या डोळ्यांतल्या पाण्यासकट.

आयाबायांना आज येऊ नका म्हणून निरोप गेला होता. मुंगीची आई तरीही आली. तिला आत घेतलं नाही. फाटकाच्या गजांपलीकडे उभी होती, पिशवी काखेला. मुंगी खिडकीशी होती. तिला बोलावून पाहुण्यांसमोर आणलं, फोटोतली मुलगी म्हणून, आणि माझ्या मांडीवर बसवलं. ती लाकडासारखी बसली.

पाहुणी बाई साधी होती, प्रेमळ होती. तिने मुंगीच्या गालाला हात लावला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला विचारलं, "नो मदर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आश्रमाच्या बाई, भाची. दाराबाहेर फाटक दिसत होतं आणि फाटकाशी ती.

मी म्हटलं, "नो."

मुंगीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इथे आल्यागेल्या पाहुण्यांकडून पोरं चार-दोन इंग्रजी शब्द शिकलेली आहेत, हे मला माहीत होतं. मदर माहीत आहे तिला. नो तर आधी माहीत आहे.

ती रडली नाही, चावली नाही. मांडीवरून उतरली, पाहुण्यांच्या मधून चालत दाराकडे गेली. फाटकापाशी जाऊन तिने गजांतून दोन्ही हात बाहेर काढले. पाहुणी म्हणाली, "हाउ स्वीट," तिला वाटलं गावातल्या कोणाला तरी नमस्कार करते आहे.

मी उठून पाहुण्यांच्या कपांत चहा ओतला.

१७ तारीख, सोमवार

सकाळीच आई आली आणि मुंगीला घेऊन गेली. कपड्यांचं गाठोडं एवढंसं. आश्रमाच्या बाई तिला समजावत होत्या, भाचीही समजावत होती. एकदा नेली की जागा परत मिळत नाही, दुसरं मूल लगेच येतं. आणि जागेबरोबर शाळा जाते. आई ऐकून घेत होती आणि पोरीच्या चपलेचा बंद लावत होती. हॉटेलातलं काम तिने सोडलं आहे. गावाच्या कडेला तिच्या भावाचं घर आहे, तिथे राहणार.

मी खोलीच्या दारात उभी होते. बाहेर येण्याची हिंमत झाली नाही. मुंगी जाताना बटाटा तिच्या मागे फाटकापर्यंत धावला.

त्यानंतर मी फोटो काढून टाकला. पार्लरच्या पानावरून आणि ग्रुपवरून, दोन्हीकडून. आता काढून उपयोग कोणाला, ते मला माहीत नाही. ताईचा लगेच मेसेज, "का गं काढलास? माझ्या नणंदेला दाखवायचा होता." मी तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. "नो" म्हटल्याचंही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या मुलीचं नाव येणार नाही ना कुठे?" पहिल्यांदाच मला ताईची कीव आली, आणि लगेच स्वतःची लाज, कारण मी तिच्याकडून वेगळं काही ऐकायला फोन केला होता.

१९ तारीख, बुधवार

उद्या निघायचं. मी भाचीला म्हटलं, "मला तिच्या घरी ने." ती नको म्हणाली. मी म्हटलं, "मग मी एकटी जाते, लोकांना फोनमधला फोटो दाखवून रस्ता विचारते." तेव्हा उठली.

घर म्हणजे एक खोली, पुढे शेणाने सारवल्यासारखी मातीची ओटी. मामा कामावर गेला होता. आई बाहेर बसून कोणाच्या तरी चादरी धूत होती, इथेही चादरीच. मुंगी आत, अंधारात. आम्हाला पाहून बाहेर आली नाही.

आईने हात पुसले. बसायला पाट दिला. तो पाटच मला सगळ्यात जास्त लागला. हाकलून दिलं असतं तर सोपं होतं.

मी रस्ताभर जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. चुकले, विचारायला हवं होतं, त्या पाहुणीसमोर मी खोटं बोलले. भाची सांगत होती. यावेळी ती माझ्याएवढंच बोलत होती, तेवढाच वेळ; म्हणजे खरंच सांगत असणार.

आईने ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला. भाची म्हणाली, "विचारतेय, पहिल्याएवढे व्हायला किती दिवस लागतील?"

धंद्यातला प्रश्न. त्याचं उत्तर मला झोपेतही येतं. "सांग तिला," मी म्हटलं, "ती बारा-तेरा वर्षांची होईल तेव्हा."

आईने मान हलवली. पुढे ती जे बोलली ते ऐकून भाचीने तिला पुन्हा विचारलं. आईने पुन्हा तेच सांगितलं.

"मावशी," भाची म्हणाली, "ती म्हणते, पोर घराबाहेर येत नाही. वस्तीतली पोरं चिडवतात. मामाची मुलं म्हणतात, केस कापलेल्या पोरीला आई टाकून देणार. तर ती म्हणते, तुमचं हे कामच आहे ना? मग माझे पण कापा. तिच्यासारखेच."

मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. मी म्हटलं, तिला सांग, असं काही करायची गरज नाही. भाचीने सांगितलं. आई पाठ करून माझ्यासमोर बसली आणि अंबाडा सोडला.

मुंगीचे केस कुणावर गेले होते ते तेव्हा कळलं.

कात्री माझ्या पर्समध्ये असतेच. मी बसले तिच्या मागे. पाण्याचा हात फिरवला. विंचरायला लागले आणि पहिल्यांदा विंचरताना घाईच करवेना. किती तरी वेळ नुसती फणी फिरवत राहिले. आत काहीतरी हललं, मुंगी दारापाशी येऊन उभी राहिली होती, फडकं गळ्यापर्यंत ओढून.

मी कापले. मानेपर्यंत, कान उघडे. मागची रेघ वाकडी आली. शिकाऊ पोरीचीही येत नाही इतकी वाकडी. सारखी करायला गेले असते तर आणखी वर गेले असते. तशीच ठेवली.

बाईने आरसा मागितला नाही. वळून मुंगीकडे पाहिलं. मुंगी आधी घाबरली. मग हळूच पुढे आली, आईच्या मानेच्या त्या वाकड्या रेघेवरून बोट फिरवलं, आणि तिच्या तोंडातून खुदकन हसू सुटलं. आईही हसली. दोघी एकमेकींच्या मानांना हात लावून हसत होत्या. मी कात्री हातात धरून बसले होते. त्यांना मी तिथे आहे याचं काही नव्हतं.

आईने झाडू घेतला आणि केस गोळा केले. मी मदतीला वाकले तर तिने हाताने थांबवलं, रागाने नाही, पण थांबवलं. मग चादरींच्या बादलीकडे गेली. मुंगी तिच्या मागे, फडकं ओटीवर पडलेलं.

मी भाचीला म्हटलं, "तिला एवढं विचार, तिने मला माफ केलं का?"

"नाही, मावशी."

"नाही म्हणजे? तू विचारलंसही नाहीस."

"मी हे विचारणार नाही," भाची म्हणाली. "तू विचारलंस तर तिला हो म्हणावं लागेल."

परत येताना भाची म्हणाली, संस्थेच्या पानावर ती आता अनाथ हा शब्द लिहिणार नाही, तिला नोकरीवर ठेवोत न ठेवोत. पण पोरं आहेत तोवर ती आपणहून सोडून जाणार नाही. त्या शब्दाशिवाय देणग्या आल्या नाहीत तर छप्पर कोण घालणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही. मी तिला विचारलं, मुंगीचं खरं नाव काय. तिने सांगितलं. या वेळी मी ते रस्ताभर म्हणत आले. फाटकापाशी पोचलो तेव्हा भाची म्हणाली, "अजून चुकतंय, मावशी. पुन्हा म्हण."